जनरलसाहेब दूध प्याले तो दिवस

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा कुणाचाही विश्वास बसणार नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तोंडं वाकडी करायची तुमची मेहनत वाचेल. माझ्या बायकोचाही बसत नाही, आणि ती तर त्या दिवशी तिथं हजर होती. नाही बसला तर नाही. धुकं हटल्याशिवाय विमान येत नाही, पारा जरा वर चढल्याशिवाय धुकं हटत नाही, आणि विमानतळ म्हणवणाऱ्या या खोपटात शेगडी एकच आहे नि तिच्यापुढची जागा माझी आहे. तेव्हा ऐका, नाहीतर बाहेर जाऊन उभे राहा. पलीकडे मोजे विणत बसलीय ती अकुलिना. गोष्टीत ती पुढं येते. काही खोटं वाटलं तर खुशाल तिला विचारा.

तर जनरलसाहेब. म्हणजे माझा ट्रक. सहा चाकांचा लष्करी उराल, डिझेलवर चालणारा, वयानं माझ्या थोरल्या मुलापेक्षा मोठा आणि वागणुकीनं कितीतरी बरा. आमच्या बालिक्ताख गावाजवळ पूर्वी एक फौजी ठाणं होतं. ते उठलं तेव्हा उपयोगाच्या सगळ्या वस्तू फौजेनं नेल्या आणि साहेबांना ठेवून गेली, कारण ते खिडकीपर्यंत बर्फात रुतले होते आणि खणायला कुणाला वेळ नव्हता. माणूस फौजेतून निवृत्त झाला की त्याला पेन्शन मिळतं. ट्रक निवृत्त झाला, त्याला मी मिळालो. पुढं बावीस वर्षं मी त्यांचा चालक, मिस्त्री, वैद्य आणि हुजऱ्या होतो. साहेब म्हणायला मला कुणी शिकवलं नाही. तुम्ही एखाद्याच्या पोटाखाली रोज सकाळी पाठीवर आडवे व्हा, तोंडावर काळं तेल गळू द्या, आणि मग त्याला अरे-तुरे करून बघा.

आमच्याकडे अस्वलाचं नाव घेत नाहीत, म्हाताराबाबा म्हणतात. नाव घेतलं की ते ऐकतं. तसंच आक्टोबर ते एप्रिल 'इंजिन बंद कर' असं कुणी म्हणत नाही. म्हणायची वेळच आली तर म्हणायचं, 'त्यांना विसावा द्या'. ती वेळ येऊ द्यायची नाही. आक्टोबरातल्या पोक्रोवच्या सणाला जनरलसाहेब जागे व्हायचे ते नदीवरचा बर्फ कडकडायला लागेपर्यंत. मधे सहा महिने घुरघुर चालू. मी जेवताना चालू, लग्नात चालू, मयतीत चालू. माझ्या खिडकीखाली त्यांची जागा होती. त्यांचा सूर अर्धा जरी उतरला तरी मी अंथरुणातून उठून बसायचो. बायको म्हणायची, मी आजारी पडले तेव्हा नाही उठलास. मी म्हणायचो, तुझा सूर कधी उतरलाच नाही.

बाकी त्यांची बडदास्त मामुली होती. तोंडावर कापसाची जाड रजई, तीही आमच्या लग्नातली. समोरच्या काचा दुहेरी, मधे बोटभर हवा. डिझेलमध्ये रॉकेल, किती ते पारा बघून. चाकांवर हातोडी मारायची नाही, पट्टे वाकवायचे नाहीत, कारण त्या थंडीत रबर बिस्किटासारखं मोडतं आणि लोखंड खडीसाखरेसारखं. रेडिएटरमध्ये साधं पाणी. थंडीत न गोठणारं औषध जिल्ह्याहून आमच्यासाठी दरवर्षी निघायचं म्हणे. पण ते गोठत नसल्यामुळं वाटेतच कुठंतरी वाहून जायचं.

त्या वर्षी औषधाऐवजी कागद आला. तीस वर्षांहून जुनं प्रत्येक सरकारी वाहन तपासावं, नापास झालं तर भंगारात काढावं. बदली नवा ट्रक मिळणार का, असं सरपंचानं विचारलं, तर उत्तर आलं की नवा ट्रक नियोजनात आहे. आमच्याकडे नवा पूलही नियोजनात आहे. माझ्या आजोबांनी त्याची वाट पाहिली, वडिलांनी पाहिली, आता नियोजनच इतकं जुनं झालंय की तेच भंगारात काढावं लागेल.

गावाचं निम्मं गवत नदीपलीकडच्या कुरणात गंजी घालून पडलं होतं. गोठलेल्या नदीवरून सव्वाशे किलोमीटर जायचं, भरायचं, परत यायचं. हे काम गावात एकटे जनरलसाहेब करत. साहेब गेले असते तर मार्चमध्ये गाई कापाव्या लागल्या असत्या. हे गावाचं झालं. माझं विचाराल तर साहेबांशिवाय मी कोण होतो? वरवंट्यासारखे हात असलेला एक म्हातारा, ज्याला बायकोनं मासे सोलायला बसवलं असतं.

जानेवारीच्या मध्याला, उणे छप्पन्न असताना, तपासणी अधिकारी उतरले. वादिम एडुआर्दोविच. दक्षिणेकडच्या समुद्रकाठचे, वय तीस, गालांवर अजून उन्हाळा. पायांत शहरी बूट. विमानापासून माझ्या घरापर्यंत चारशे पावलं, तेवढ्यात दोन्ही तळवे फुटले. बुटांचे, पायांचे नाही. बायकोनं त्यांना माझे रेनडियरच्या कातड्याचे जुने बूट दिले, आणि ते दिवसभर त्या बुटांकडे असे बघत राहिले, जणू आपण दुसऱ्याच माणसाच्या पायांवर उभे आहोत.

माणूस वाईट नव्हता. प्रामाणिक होता, आणि त्याहून त्रासदायक सरकारी माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्याजवळ चौतीस कलमांचा तक्ता होता. औषधांची पेटी आहे? आहे. बाटल्या फुटलेल्या, पण आहेत. आग विझवायचं नळकांडं आहे? आहे, आतून गोठलेलं. वळण्याचे दिवे लागतात? लागतात, का लागतात हे मात्र कुणाला माहीत नाही. गावात रस्ता एक, तो जिथं जातो तिथंच मी जातो. भोंगा वाजवून दाखवला, तर रानातून एका नर सांबरानं, म्हणजे आमच्याकडच्या त्या घोड्याएवढ्या, प्रेमानं उत्तर दिलं. तेहतीस कलमं साहेबांनी छातीवर पदक लावून घ्यावं तशी पार केली.

चौतिसाव्या कलमात लिहिलं होतं: इंजिन थंड अवस्थेतून सुरू होते.

मी म्हटलं, "सुरूच आहे की."

"सुरू आहे ते दिसतंय, इनोकेन्ती सेम्योनोविच," ते म्हणाले. गावात मला नुसतं केशा म्हणतात, पण ते पूर्ण नावानंच बोलायचे. "सुरू होतं का, ते मला लिहायचंय."

मी त्यांना समजावलं की आमच्याकडे सुरू होण्याचा एक दिवस असतो आणि तो आक्टोबरात येऊन गेला. ते म्हणाले, मी आक्टोबरात इथं नव्हतो. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या आईच्या जन्मालाही नव्हता, तरी ती आहे ना. ते हसले, पण पेन खिशात गेलं नाही. तक्त्याखाली बारीक अक्षरांत नियम होते, ते त्यांनी वाचून दाखवले. थंड अवस्था म्हणजे इंजिन थांबवून दोन तास. सुरू करायचे प्रयत्न तीन. आग लावायची नाही, गरम पाणी ओतायचं नाही, दुसऱ्या वाहनाची मदत घ्यायची नाही. हे नियम लिहिणाऱ्या माणसाच्या मते थंडी म्हणजे काय असावी? बहुतेक, पंखा दोनवर असताना उघड्या गळ्यानं झोपलं की जी होते ती.

"म्हणजे इंजिन बंद करायचं," वादिम एडुआर्दोविच म्हणाले.

ते शब्द त्यांनी अंगणात उभं राहून, खणखणीत आवाजात उच्चारले. माझी बायको स्वयंपाकघरात होती, तिच्या हातातून कढई पडली.

सही त्यांची, साहेब माझे. करतो काय? मी खालचा नळ उघडून रेडिएटरचं पाणी सोडलं, नाहीतर दहा मिनिटांत आत बर्फ होऊन इंजिनाचा ठोकळा तडकला असता. मग गाडीत चढलो आणि थांबवायचा दट्ट्या ओढला.

ती शांतता तुम्ही ऐकली नाहीत, तुमचं नशीब. गावातली कुत्री साहेबांच्या पोटाखालून उठून बाहेर आली आणि एकमेकांकडे बघायला लागली. मग दारं उघडली. एकेक करून लोक बाहेर आले, काही न विचारता कुंपणाशी उभे राहिले, आणि पुरुषांनी टोप्या काढल्या. उणे छप्पन्नला टोपी काढणं म्हणजे काय ते कान असणाऱ्यालाच कळेल. प्रोकोपी आजोबा, त्र्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत आले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं की शेवटी त्रास झाला का.

दोन तास साहेब थंड होत होते आणि पाहुणे गरम होत होते. चहा झाला, गोठलेल्या माशाचे पातळ काप झाले, घोड्याचं मांस झालं. प्रोकोपी आजोबांनी चुलीत आगीला पुरीचा घास टाकला, आगीची देवता प्रसन्न व्हावी म्हणून, तर वादिम एडुआर्दोविचनी घास खाली ठेवून तक्ता तपासला, हे 'आग लावणे' यात बसतं का. बराच विचार करून त्यांनी ठरवलं की चूल वाहनापासून अठरा पावलांवर आहे, तेव्हा चालेल. सांगतो ना, प्रामाणिक.

साडेबाराला आम्ही बाहेर आलो. साहेब पांढरे झाले होते. चाकं जिथं जमिनीला टेकतात तिथं चपटी होऊन गोठली होती, म्हणजे चारही बाजूंनी गोल राहण्याचा अट्टहास त्यांनी सोडला होता. मी चढलो, किल्ली फिरवली. आतून 'टिक्' असा आवाज आला. एकदाच. एखादा मोठा अधिकारी अर्ज बघून टाळ्याला जीभ लावतो तसा.

"प्रयत्न पहिला," वादिम एडुआर्दोविच म्हणाले आणि लिहायला गेले, तर पेन चालेना. त्यांनी ते काखेत धरलं, झटकलं, पुन्हा काखेत धरलं. तिसऱ्या वेळी उमटलं. मी फक्त एवढंच विचारलं की बाहेरून ऊब देऊन सुरू केलेल्या पेनाला कुठलं कलम लागतं.

दुसऱ्या प्रयत्नाआधी मी टाकीचं झाकण काढून आत पाहिलं. डिझेलचं पार तूप झालेलं. तूपही कसलं, साबण. मी कुऱ्हाड आणली आणि त्याचे तुकडे पाडले, बायकोनं ते किसणीवर किसले, आणि तो कीस आम्ही चमच्या-चमच्यानं नळीत भरला. किसताना एक तुकडा कुत्र्यानं पळवला, तो कुत्रा पुढं आठवडाभर घुरघुरत पळत होता आणि चढावर मागून धूर सोडत होता. ते राहू द्या. किल्ली फिरवली. साहेब एकदा थरथरले, खोकले, आणि गेले.

"प्रयत्न दुसरा."

सूर्य तीन वाजता मावळतो. मावळायला तासच उरला होता, आणि वादिम एडुआर्दोविच म्हणाले की तिसरा प्रयत्न उजेडात व्हायला हवा, तसं कलम आहे. असणारच.

तेव्हा मला अकुलिनाचा गोठा आठवला. जाडजूड ओंडक्यांचा, बाहेरून शेणाचा हातभर लेप दिलेला, आत आठ गाई आणि त्यांची ऊब. नियमात आग नको, पाणी नको, वाहन नको असं होतं. गाय नको असं कुठंच नव्हतं. चौदा घोडे आणले, दोर बांधले, सगळं गाव लागलं, आणि जनरलसाहेब चपट्या चाकांवर धक्-धक् करत गोठ्यापर्यंत गेले. दार अरुंद. साहेबांचं तोंड तेवढं आत गेलं, बाकी देह बाहेर राहिला. म्हणजे मोठे अधिकारी गोठ्याची पाहणी करतात तशीच झाली.

आत चोल्बोन नावाची गाय होती, कळपाची मुख्य. तिनं साहेबांकडे पाहिलं, पुढं आली आणि त्यांच्या तोंडावरच्या जाळीला नाक लावून श्वास सोडायला लागली. तिचं बघून बाकीच्या सातजणी रांगेनं आल्या. पंधरा मिनिटांत जाळीवरचं गोठलेलं दव टपटप गळायला लागलं. पण रेडिएटर कोरडा. पाणी घालायला हवं, गरम हवं, आणि गरम पाण्याला बंदी. मी अकुलिनाकडे पाहिलं, अकुलिनानं माझ्याकडे. तिनं गाईंच्या कासेवरच्या सशाच्या कातड्याच्या चोळ्या सोडल्या, बादली घेतली आणि धारा काढायला बसली. आठ गाई, बारा बादल्या, वाफाळतं दूध. वादिम एडुआर्दोविचनी तक्ता उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. दुधाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. बादल्या मी एकामागून एक रेडिएटरमध्ये ओतल्या. साहेबांच्या पोटात गुडगुडलं. मी चढलो, मनातल्या मनात माझ्या आजोबांचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

आणि जनरलसाहेब उठले. काय उठले. गोठ्याच्या छपरावरचा बर्फ एका फटक्यात खाली आला. धूर निघाला तो पांढराशुभ्र, त्याला सायीचा वास. गाव ओरडत होतं, चौदा घोडे पळून गेले ते तीन दिवसांनी सापडले. अर्धा तास साहेब त्या दुधावर चालले, आणि दूध घुसळलं की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, संध्याकाळी मी खालचा नळ उघडला तर ताक वाहून गेलं आणि मागं चार किलो लोणी निघालं. किंचित डिझेलचा वास, बाकी उत्तम. वादिम एडुआर्दोविचनी ते पावाला लावून खाल्लं, तिथंच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून, आणि चौतिसाव्या कलमापुढं लिहिलं: होते. खाली सही. पुढची सात वर्षं साहेबांनी गावाचं गवत ओढलं. कागद आजही पंचायतीत टांगलेला आहे, आणि मी सांगितलं यात तिळाएवढं खोटं असेल तर ही अकुलिना समोर बसलीय...

"जानेवारीत?" अकुलिनाच्या सुया थांबल्या. "केशा, अरे, माझ्या गाई नाताळाच्या कितीतरी आधी आटतात. त्या महिन्यात आठजणींचं मिळून चहात घालायला दूध निघत नव्हतं, आणि हा बारा बादल्या भरतोय. साफ खोटं आहे सगळं. पाणी होतं ते. शाळेच्या बॉयलरचं उकळतं पाणी. त्यासाठी तासभर अख्ख्या गावाची घरं तापवणारे नळ थंड ठेवले, पोरं वर्गात कोट घालून बसली, आणि शेवटच्या दोन बादल्या त्या बिचाऱ्या वादिमनं स्वतः उचलून आणल्या, तक्ता बर्फात टाकून. त्याच्या नोकरीवर येऊ नये म्हणून इतकी वर्षं तुझं दूध चालवून घेतलं आम्ही. तो केव्हाच साहेब होऊन मॉस्कोला गेला, आता तरी नीट सांग. आणि किल्लीही तू नाही फिरवलीस, तुझ्या बायकोनं फिरवली. तू खाली चाकाला मिठी मारून रडत होतास. पापण्या गोठून चिकटल्या होत्या तुझ्या, त्या मी फुंकर घालून घालून सोडवल्या."